दोन सीडींचा संच: पियानोसाठी घ्या, सफाईकडे कानाडोळा करा

दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या ब्रिटिश डान्स बँडांचा हा संच. कंपनीचं नाव लिहीत नाही. जुन्या तबकड्यांचा आवाज साफ करण्याचे असले प्रयोग बरेच जण करतात, मग एकटीलाच कशाला झोडपायचं?

पहिली सीडी बँडांची. अँब्रोज, लू स्टोन, रॉय फॉक्स, हेन्री हॉल, जॅक हिल्टन, रे नोबल. लंडनच्या हॉटेलांत-क्लबांत लोक ज्यांच्या तालावर नाचायचे किंवा ज्यांना घरी बसून रेडिओवर, तबकड्यांवर ऐकायचे, ती ही बँडप्रमुख मंडळी. निवड चांगली आहे, तक्रार आवाजाची आहे. लाखेच्या तबकडीची खरखर काढण्याच्या नादात झांजांची किणकिणही गेली. भांडं घासता घासता कल्हईच खरवडून काढावी, तसा प्रकार. वर थोडा कृत्रिम घुमाराही घातलाय. मुळात एकाच वाहिनीचं ध्वनिमुद्रण, त्याला असं डाव्या-उजव्या कानांत पसरवून काय मिळवलं?

पुस्तिकेचं तर बोलायलाच नको. त्या काळी बँडवाल्यांच्या तबकड्यांवर बरेचदा गायकाचं नावच नसायचं, नुसतं ‘गायनासह’ अशा अर्थाचं काहीतरी. पुस्तिकेनं तेच जसंच्या तसं उतरवलंय. त्यामुळे रे नोबलच्या तुकड्यांत अल बोलीचा आवाज स्पष्ट ओळखू येतो, पण त्याचं नाव कुठेच नाही. मायक्रोफोनच्या जवळ जाऊन, कानाशी बोलल्यासारखं गाणारा हा माणूस १९४१ मध्ये लंडनवरच्या बाँबहल्ल्यात गेला. त्याला एक ओळ द्यायला काय हरकत होती? नोबलचा बँडही, खरं तर, एचएमव्हीचा स्टुडिओतला. वादक निरनिराळ्या हॉटेलांच्या बँडांतून उचलून आणलेले. हेही नवख्या ऐकणाऱ्याला सांगायला हवं होतं.

आता दुसरी सीडी, पियानो मेडलींची, म्हणजे एकापाठोपाठ एक गुंफलेल्या लोकप्रिय चालींची. तिच्यासाठीच हे लिहायला बसलोय. मी पेटी वाजवणारा माणूस, साथीला बसण्यात जन्म गेला, तेव्हा माझं झुकतं माप गृहीत धरा.

मेडलीचं गणित साधं होतं. दहा इंची तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. बँड तेवढ्यात एकच गाणं वाजवायचा: आधी वाद्यांवर मुखडा, मग मध्ये गायक, मग पितळी वाद्यांचा शेवटचा जोर. पियानोवाला प्रास्ताविक भाग गाळून फक्त ३२ बारचा (म्हणजे ठेक्याच्या ३२ आवर्तनांचा) मुखडा घ्यायचा आणि एका बाजूत तीन चाली बसवायचा. एका तबकडीच्या पैशात सहा लोकप्रिय गाणी, तीही ठेका न मोडता, म्हणजे दिवाणखान्यात नाचणाऱ्यांचीही सोय.

या प्रकारात चार्ली कुंझसारखा दुसरा नाही. जन्मानं अमेरिकन, १९२२ मध्ये ब्रिटनला आला आणि तिथलाच झाला. लंडनच्या कॅसानी क्लबात त्याचा बँड होता, पण नाव झालं ते एकट्याच्या पियानोनं. त्याच्या उजव्या हातात चाल, तीही अगदी सरळ. हरकती नाहीत, ताना नाहीत. पहिल्यांदा ऐकताना वाटतं, एवढंच? मग डावा हात ऐका. खालचा स्वर, वरची जोडणी (एकत्र दाबलेले दोन-तीन स्वर), पुन्हा खालचा स्वर, आणि हे सगळं इतकं हलकं की पट्टी दाबली जातेय की नुसती स्पर्शली जातेय, कळू नये. एका चालीतून दुसरीत जाताना तो दोन-चार स्वरांत सूर बदलतो, ठेका मात्र तसूभरही हलत नाही. साथीदाराला विचारा, हे किती कठीण असतं.

(युद्धकाळात अशी अफवा होती की तो पियानोतून जर्मनांना सांकेतिक निरोप पाठवतो. इतक्या निरागस वाजवण्यावर संशय घ्यायचा म्हणजे कमालच!)

त्याच्यापुढे आयव्हर मोर्टन आणि डेव्ह के ऐका. हॅरी रॉयच्या बँडातली ही दोन पियानोंची जोडी. इथे नुसती धमाल. एक चाल धरतो, दुसरा वरच्या सप्तकात धुडगूस घालतो. सलग ऐकलं तर दमायला होतं. बिली मेयर्लचे तुकडे त्याहून कसबी. टपालानं पियानोची शिकवणी चालवणारा हा माणूस, बोटांची सफाई दाखवायची हौस दांडगी. मला दोन-तीन तुकडे पुरले.

गंमत म्हणजे पियानोच्या सीडीवर सफाईचा हात तितका जोरात फिरलेला नाही. पट्टीवर बोट पडतानाचा ठक् शाबूत आहे, मागे थोडी खरखरही उरलीय. मेडलीत कुठली चाल कुठे सुरू होते, याचे स्वतंत्र ट्रॅक मात्र दिलेले नाहीत; यादीत फक्त ‘मेडली’ असं लिहून मोकळे झालेत.

बँडांसाठी घेणार असाल तर दुसरा एखादा संच शोधा. पियानोसाठी बेलाशक घ्या, आणि दुसरी सीडीच आधी लावा. तुमच्या यंत्रावर मोनोचं बटण असेल तर पहिलीला ते दाबून बघा, घुमारा बराच कमी होतो.