जळलेला बोर्ड चिकट नव्हता

आधी आकडा सांगते: १६,९२० रुपये. आणि आमचा ओव्हन बिघडलेलाच नव्हता.

मी ३१ वर्षं बँकेत काढली. त्यातली निम्मी काऊंटरवर. ओटीपी कुणाला सांगू नका, लिंकवर बोट लावू नका, हे पेन्शनरांना सांगून सांगून माझा घसा बसायचा. ओटीपी मी कुणालाच दिला नाही. लिंकही उघडली नाही. मी बिल घेतलं, बेरीज तपासली, आणि स्वतःच्या हाताने पिन टाकून पैसे दिले. बेरीज बरोबर होती, हेच तर दुखणं आहे.

झालं असं. आमच्याकडे २०१४ साली घेतलेली कुकिंग रेंज आहे, वर गॅसचे चार बर्नर आणि खाली विजेचा ओव्हन. ती वापरायची आमची सून. माझं सगळं आयुष्य छोट्या ओटीजीवर गेलं. ऑगस्टमध्ये मुलगा-सून बेंगळुरूला गेले आणि ते धूड माझ्या ताब्यात आलं. दिवाळीत नानकटाईच्या ऑर्डरी घेतल्या होत्या, सहा किलो. गुरुवारी सकाळी वीज गेली. पुण्यात गुरुवारी वीज जाते यात सांगण्यासारखं काही नाही. संध्याकाळी पाचला आली. पहिला ट्रे आत घातला आणि वीस मिनिटांनी पाहिलं तर पीठ जसंच्या तसं. आतला दिवा लागतोय, नॉब फिरतायत, पण ऊब म्हणून नाही. समोरच्या घड्याळावर शून्यं लुकलुकत होती. ती मी पाहिली होती, हे लक्षात ठेवा.

सुनेला फोन केला असता तर दोन मिनिटांत प्रश्न मिटला असता. पण जाताना ती म्हणाली होती, "आई, जमेल ना तुम्हाला?" मी म्हणाले होते, "न जमायला काय झालं?" आता पहिल्याच ऑर्डरीला कुठल्या तोंडाने विचारायचं? तो कमीपणा वाटला. त्या कमीपणाची किंमत वर लिहिली आहे.

मोबाइलवर कंपनीचं नाव आणि 'कस्टमर केअर' असं टाकलं. सगळ्यात वर आलेला नंबर लावला. सगळ्यात वरचा नंबर कंपनीचा असतोच असं नाही, पैसे भरून कोणालाही वर बसता येतं, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही होतं. माहिती असणं आणि घाईत आठवणं यात फरक असतो. खरा नंबर ओव्हनच्या दारामागच्या पट्टीवर आणि माहितीपुस्तिकेत छापलेला होता. पुस्तिका माझ्याच कपाटात, वॉरंटी कार्डाला टाचणी लावून.

बाई गोड बोलली. व्हिजिट ४९९, काम केलं तर व्हिजिट माफ. दुसऱ्या दिवशी साडेदहाला माणूस हजर, गळ्यात ओळखपत्र, शर्टावर कंपनीचं चिन्ह. ओळखपत्र मी वाचलं नाही. चष्मा आत होता.

त्याने रेंज पुढे ओढली, मागचा पत्रा खोलला आणि मला म्हणाला, "मॅडम, मेन एमसीबी बंद करून या." मी हॉलमध्ये गेले. परत आले तेव्हा त्याच्या हातात एक हिरवा बोर्ड होता, एका कोपऱ्यात काळा ठिक्कर. "पीसीबी उडालाय. त्यानं एलिमेंटपण घेतला." पीसीबी म्हणजे तो बोर्ड आणि एलिमेंट म्हणजे ओव्हन तापवणारी कॉइल. बोर्ड माझ्या हातात दिला. मी उलटसुलट पाहिला, परत दिला आणि सवयीने ओट्यावरच्या पांढऱ्या फडक्याला हात पुसले.

फडकं स्वच्छ राहिलं.

रात्री झोप येत नाही तेव्हा मला ते फडकं दिसतं. दहा-अकरा वर्षं स्वयंपाकघरात, फोडण्यांच्या वाफेत राहिलेल्या वस्तूची पाठ कशी असते ते कुठल्याही बाईला विचारा. चिकट, पिवळट, बोटाला सुटत नाही अशी. तो बोर्ड जळका होता पण कोरडा होता. आमच्या ओव्हनमधून तो निघालाच नव्हता, त्याच्या पिशवीतून निघाला होता. हाताला कळलं होतं, डोक्याने दुर्लक्ष केलं. शिवाय बोर्ड इतका जळला असता तर समोरचं घड्याळ लागलं कसं असतं? हा प्रश्न मला तीन आठवड्यांनी पडला.

मग मला बाहेर बसायला सांगितलं. पंचेचाळीस मिनिटांनी ओव्हन चालू, घड्याळ लुकलुकायचं थांबलेलं. मी म्हणालेसुद्धा, "अरे, घड्याळ पण नीट झालं!" तो म्हणाला, "नवीन बोर्ड आहे ना, मॅडम." बिल असं: पीसीबी ६,८५०, एलिमेंट २,९५०, मजुरी १,२००, झाले ११,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी १,९८०. एकूण १२,९८०. वर व्हिजिटचे ४९९ लावलेच. माफ म्हणाला होतात, म्हणून मी भांडले, तर त्याने ९९ कमी केले. त्या ९९ रुपयांचा मला आनंद झाला. त्या आनंदाच्या भरात वर्षभराची एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, घेतला, ३,५४०. 'जुना' बोर्ड कंपनीत जमा करावा लागतो म्हणून तो घेऊन गेला. जुना सुटा भाग कुणालाही नेऊ देऊ नका. तुमच्या पैशाचा आहे, तुमच्या घरात राहू दे.

यूपीआयच्या पडद्यावर कंपनीचं नाव आलं नाही, कुणा भलत्याच माणसाचं आलं. मी विचारलं. तो म्हणाला, "आमच्या मालकांचं आहे." ३१ वर्षं मी चेकवरची नावं जुळवली आहेत!

दिवाळी उलटल्यावर तिसऱ्या गुरुवारी पुन्हा वीज गेली, आली, आणि ओव्हन पुन्हा थंड. घड्याळावर तीच शून्यं. त्याचा फोन बंद. शेवटी गल्लीतल्या मिस्त्रीला बोलावलं. तो खाली वाकला, घड्याळाची मधली दोन बटणं एकदम दाबली, पडद्यावर हाताचं छोटं चित्र आलं आणि ओव्हन तापायला लागला. "काकू, वीज गेली की हे टायमरवर अडकतं. मॅन्युअलवर आणलं की झालं." मी त्याला पत्रा उघडायला लावला. आत जुनाच बोर्ड, बोटभर चिकट्यासकट. पंख्याभोवतीचा गोल एलिमेंटही तोच. त्याला त्याने मीटर लावलं, चोवीस ओहम. २,२०० वॅटचा एलिमेंट २३० व्होल्टवर एवढाच दाखवतो, म्हणजे ठणठणीत. तुटलेला असता तर मीटर काहीच दाखवत नाही. त्या पहिल्या महाभागाने पिशवीतून मीटर काढलंच नव्हतं. मीटर न लावता पार्ट गेला म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे चहा पाजून वाटेला लावा.

मिस्त्रीने २०० रुपये घेतले आणि जाता जाता जे सांगितलं ते १६,९२० ला स्वस्त होतं. पावसाळ्यात ओव्हन लावला की आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडतो, तेव्हा बऱ्याचदा एलिमेंटमध्ये ओल धरलेली असते, लगेच बदलायला धावू नका. मोठा ओव्हन १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावा आणि प्लग गरम लागत असेल तर आधी सॉकेट बघा. केक एका बाजूने कच्चा राहिला तर दाराचं रबर तपासा. सूनबाईंना हे सगळं माहीत होतं. तिला सांगितलं तेव्हा ती हसली नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

आता पुढची वरात ऐका. चौकीत गेले. साहेब म्हणाले, "त्यानं काम केलं ना? बिल दिलं ना? मग फसवणूक कसली? ग्राहक मंचात जा." मी म्हणाले, जळका बोर्ड दाखवून पैसे घेतले, ही फसवणूक नाही तर काय? ४२० गेलं असेल, भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे ना! "मॅडम, तुम्ही वकील आहात का?" अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. पोचसाठी दुसऱ्यांदा गेले तर ड्यूटीवर दुसरेच. तिसऱ्यांदा गेले तर अर्ज सापडेना, नवीन द्या म्हणाले. हेल्पलाइनवर म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, हे सायबरमध्ये बसत नाही. बँकेत, जिथे माझे जुने सहकारी आहेत, तिथे सांगितलं की पिन तुम्हीच टाकलात. कंपनीच्या खऱ्या नंबरवर अर्धा तास गाणं ऐकवून म्हणाले, तो आमचा माणूस नाही, आणि तक्रार 'निकाली' काढली. कुणाची निकाली? माझे पैसे गेले आणि तक्रार त्यांची निकाली!

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, हे खरं. पण समोरच्याचा पत्ता द्यावा लागतो. बिलावरच्या पत्त्यावर रिक्षाने गेले, १४० रुपये मोजून. तिथे इस्त्रीवाला. तो बिचारा म्हणाला, "ताई, तुम्ही या महिन्यातल्या चौथ्या." बिलावरचा जीएसटी नंबर मग मोजला. पंधरा अक्षरं लागतात, यात चौदा होती. आत दहा अक्षरांचा पॅन असतो, तोही बसत नव्हता. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकून बघायला एक मिनिट लागतं. पैसे देण्याआधी टाका.

आमचे हे म्हणतात, अक्कलखाती टाक आणि सोड. टाकले असते. पण परवा मोबाइलवर मेसेज आला: आपल्या एएमसीची पहिली सर्व्हिस बाकी आहे, वेळ ठरवण्यासाठी फोन करा. नंबर नवीन. तो घेऊन मी चौथ्यांदा चौकीत गेले. वाटलं, आता तरी सापळा लावतील. साहेबांनी मेसेज वाचला आणि म्हणाले, "याचा वेगळा अर्ज द्या."