जबडा आखडलाय: शेक की बर्फ?
मैत्रीण विचारत होती, सकाळी जबडा उघडत नाही, शेकू की बर्फ लावू? तिला तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितलं. दोनच गेली, बिचारी कळवळली.

झोपेत दात खाऊन स्नायू आखडले असतील तर शेकच. गरम पाण्यात पिळलेला रुमाल कानापुढे, गालावर १५ मिनिटं धरायचा. स्नायू सैल पडतात, मग तोंड हळूहळू उघडता येतं. रुमाल सारखा गरम करावा लागतो, एवढीच खटपट.

बर्फ सोपा, पण तो ठणका बधिर करतो. ताठरपणा सोडवत नाही. फडक्यात गुंडाळून १० मिनिटं, बास.

ताजा मार किंवा सूज असेल तर बर्फ, रोजच्या आखडण्याला शेक. जांभई देताना तोंड उघडंच अडकलं, तर जबड्याचा सांधा निखळलेला असू शकतो; जखमेनंतर जबडा आवळत चालला, तर धनुर्वाताचीही शंका असते. तिथे दोन्ही सोडून तडक डॉक्टरकडे.