पद्मिनी घेण्याआधी उद्यमबागेत दाखवा

जुनी फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, घ्यायची हौस असेल त्यांच्यासाठी लिहितोय. उद्यमबागेतल्या या गॅरेजला धड पाटी नाही, पण बेळगावात जुनं इंजिन कुणाच्या हाती द्यावं तर यांच्याच.

हजार रुपये घेऊन मिस्त्री गाडी बघायला सोबत येतो, हे मला सगळ्यात आवडलं. गडहिंग्लजला मी बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकत बसलो, तर म्हणतो कसा, "काका, इंजिन दुरुस्त होतंय की. आधी मॅट उचला." खाली गंजाचे पापुद्रे. स्क्रूड्रायव्हर टेकवला, आरपार गेला. मग फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दाराच्या खालच्या कडेवरून फिरवलं, चिकटेचना. नुसती लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला! 1 लाख 40 हजारांवर अडलेला मालक 95 हजारांवर आला.

इंजिनाला 48 हजार गेले. रीबोअर (झिजलेला सिलिंडर कापून थोडा मोठा करणं), त्यात बसणारे ओव्हरसाइज पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, सगळं आसपासच्याच शेडमधून करून घेतात. काढलेले पिस्टन, बेअरिंग पिशवीत घालून परत दिले. बिल मात्र कच्चं. चोर्ला घाट चढताना पाणी उकळलं नाही, 1089 सीसीकडून आणखी काय पाहिजे?

पत्र्याचं काम ते बाहेर देतात आणि खिसा तिथंच फाटतो. फ्लोअर, डिकीचा तळ, रंग धरून 1 लाख 30 हजार. गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. वर गणपतीचा वायदा दिवाळीवर गेला. म्हणून सांगतो, इंजिन बंद असलेली पण पत्रा शाबूत असलेली गाडी चार पैसे जास्त मोजूनही परवडते.

कागदपत्रांत गॅरेजवाले पडत नाहीत. कोल्हापूर पासिंगची गाडी इकडे आणायची तर तिथली एनओसी आणि कर्नाटकचा रोड टॅक्स धरूनच भाव करा. काहीजण व्हिंटेज नोंदणी सुचवतात. त्याला गाडी 50 वर्षांची लागते, फी 20,000, आणि रोज फिरवायची परवानगी नाही; प्रदर्शन नाहीतर रॅली. माझी 1984ची, त्यामुळे प्रश्नच मिटला. आणि मला तर तिच्यातून भाजी आणायचीय.