रक्त थांबवणारी कायटोसानची पट्टी: साकीनाक्याच्या कारखान्यातला अनुभव

साकीनाक्याला आमचा काच कापण्याचा आणि बसवण्याचा छोटा कारखाना आहे. बोट कापले तर चिकटपट्टी लावून पुन्हा कामाला लागायचे, इतकी ती रोजची गोष्ट. परंतु मोठी धमनी कापली गेली तर कापूस आणि साधी बँडेज पुरी पडत नाही, हे मी लहानपणापासून वडिलांकडून ऐकत आलो, कारण ते सैन्यात नर्सिंग असिस्टंट होते. त्यांच्याच आग्रहामुळे दोन वर्षांपूर्वी मी प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या सर्जिकल सामानाच्या एका दुकानातून कायटोसान लावलेल्या गॉजची दोन पाकिटे आणली. रणांगणावर जखमी जवानाचा रक्तस्राव थांबवण्यासाठी अशा पट्ट्या वापरल्या जातात. एका पाकिटाला साडेतीन हजारांच्या आसपास पडले आणि त्या वेळी मला ते महाग वाटले.

ससून डॉकवर कोळंबी सोलणाऱ्या बायकांपुढे टरफलांचे ढीग लागलेले आपण पाहतो. त्याच टरफलांतल्या कायटिनपासून कायटोसान तयार होते. त्याच्या कणांवर धन विद्युतभार असतो आणि तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर ऋण, त्यामुळे दोन्ही एकमेकांना चिकटून जखमेत घट्ट जेलीसारखा गोळा बनतो. याचे मोठे महत्त्व असे, की हा गोळा शरीराच्या स्वतःच्या गुठळी बनवण्याच्या क्रियेवर अवलंबून नसतो. म्हणून खूप रक्त गेल्याने अंग गार पडलेल्या माणसालाही तो उपयोगी पडू शकतो. केओलिन या मातीच्या गॉजचे काम वेगळे आहे: ते शरीराचीच गुठळी लवकर बनवते. त्याही आधी झिओलाइट या खनिजाची भुकटी जखमेत ओतत असत, पण तिच्या उष्णतेने जखमीला भाजत असे, आणि 2008 मध्ये अमेरिकी सैन्याच्या मार्गदर्शक सूचनांत केओलिनच्या गॉजला पहिली पसंती मिळाली.

गेल्या पावसाळ्यात बारा मिलिमीटरची काच स्टँडवरून घसरली आणि आमच्या एका कारागिराचा दंड काखेच्या अगदी लगत खोल कापला गेला. रक्त लालभडक होते आणि ठोक्यागणिक उडत होते. टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवण्यासाठी हातापायाला बांधायचा पट्टा, आवळायचा तर जखमेच्या वर जागाच नव्हती, आणि नेमक्या अशाच जागांसाठी, म्हणजे काख आणि जांघ यांसाठी, ही पट्टी असते. रक्ताने ओल्या झालेल्या बोटांनी पाकीट फाटेना. शेवटी ते मी दातांनी फाडले. आतली पट्टी घडीवर घडी घालून ठेवलेली असल्यामुळे गुंता न होता सुटत गेली आणि मी ती बोटाने जखमेच्या तळापर्यंत, हाडाला टेकेपर्यंत, ठासत गेलो. मग दोन्ही तळहात ठेवून सगळे वजन टाकले आणि भिंतीवरच्या घड्याळात तीन मिनिटे मोजली. मध्येच उचलून पाहावे असे फार वाटले, पण उचलले नाही. तीन मिनिटांनी हात सैल केला, तेव्हा पट्टीच्या कडेला काळपट जांभळा, चिकट थर धरला होता आणि रक्त थांबले होते. वरून घट्ट बँडेज बांधली आणि रिकामे पाकीट त्याच्या खिशात घातले, म्हणजे आत काय भरले आहे ते डॉक्टरांना कळावे. रुग्णालयात सलाइनने भिजवून ती पट्टी काढली गेली. आज तो कामावर आहे. त्याची करंगळी अजून थोडी बधिर आहे, पण त्याचा दोष काचेचा आहे, पट्टीचा नाही.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. दुकानदाराने मला सांगितले होते, "जखमेवर ठेवा, रक्त थांबेल." हे चुकीचे आहे. वर नुसती ठेवलेली पट्टी भिजते आणि खाली रक्त वाहतच राहते; ती आत ठासावी लागते आणि दाबून धरावी लागते. पाकिटावरच्या सूचना मात्र बारीक इंग्रजीत आहेत, आणि आमच्या कारखान्यात त्या वाचू शकणारी माणसे दोनच आहेत. इतक्या किमतीच्या जीवरक्षक वस्तूबरोबर मराठी आणि हिंदीत चार ओळींचे चित्रपत्रक देणे उत्पादकाला अवघड नाही, आणि ते न देणे मला गंभीर उणीव वाटते. छाती किंवा पोटाच्या आत ही पट्टी भरायची नसते, हेही ठळक लिहायला हवे. खरेदी करताना मुदतीची तारीख पाहावी; मला मिळालेल्या एका पाकिटाची मुदत जेमतेम सात महिने उरली होती.

तेच मुदत संपलेले पाकीट आम्ही सरावाला वापरले. खाटकाकडून मटणाची मांडी आणून तिला खोल चीर दिली, हातांना तेल लावले आणि कारखान्यातल्या सहाही जणांनी पट्टी ठासण्याचा सराव केला; त्यातल्या चौघांनी पहिल्यांदा ती वरवरच कोंबली होती. आता नवी दोन पाकिटे आणली आहेत. एक प्रथमोपचाराच्या पेटीत आहे आणि दुसरे साइटवर जाणाऱ्या टेम्पोत, आणि दोन्हींवर मराठी-हिंदीत हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आहे.