बाबांची जनता आणि ‘ओरिजिनल’ पार्ट: आठ महिने वापरल्यावर

डिसेंबरात बाबांची एचएमटी जनता, म्हणजे त्यांचं जुनं चावीचं मनगटी घड्याळ, पुन्हा चालू झाली. तेव्हापासून रोज सकाळी चहाआधी तिला चावी देतो आणि दिवसभर हातात घालतो. स्कूटरवर, ऑफिसात, लग्नाकार्यात, आणि एकदा पावसातही. पावसाचं पुढे सांगतो. आता ऑगस्ट संपत आलाय, त्यामुळे कुठला पार्ट टिकला आणि कुठला नाही हे अनुभवाने सांगता येईल.

घड्याळ १९७९ चं, बाबांनी पहिल्या बोनसमधून घेतलेलं. १७ ज्वेलचं (म्हणजे चाकांचे आस टेकतात ते बारीक खडे), आत ०२३१ क्रमांकाचं मशीन. एचएमटीने १९६१ मध्ये बंगळुरूला सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने घड्याळं करायला घेतली, त्याच घराण्यातलं हे मशीन. जनतेत आहे तेच एचएमटीच्या पायलट या दुसऱ्या मॉडेलमध्येही असतं. एवढं लक्षात ठेवा, पार्ट शोधताना कामाला येतं.

बिघाड तीन होते. काच तडकलेली. चावीचं बटण इतकं झिजलेलं की बोटातून निसटायचं. आणि मुख्य म्हणजे घड्याळ पडल्यामुळे स्टाफ मोडलेला. स्टाफ म्हणजे बॅलन्सच्या, म्हणजे मागेपुढे झुलून वेळ राखणाऱ्या चाकाचा आस. त्याची टोकं केसाइतकी बारीक असतात. डायलवर पॅराशॉक, म्हणजे धक्क्यापासून संरक्षण, असं लिहिलेलं असलं तरी फरशीवर आपटल्यावर किती वाचणार?

पहिली चूक मी घरबसल्या केली. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ‘जुना स्टॉक, कंपनीचा माल’ म्हणून काच आणि बटण मागवलं. साडेचारशे रुपये. पाकीट पिवळं पडलेलं, त्यावर एचएमटीचं नाव, मी खूश. आमच्या पेठेतल्या घड्याळवाल्या काकांनी डोळ्याला भिंग लावलं, काच दोन बोटांत फिरवली आणि म्हणाले, “पाकीट कंपनीचं आहे रे. आतली काच नाही.”

तरी मी हट्टाने दोन्ही बसवून घेतलं. बटणाचा मुलामा दोन महिन्यांत उडाला, खालचं पितळ उघडं पडलं आणि अंगठ्याला हिरवट डाग पडायला लागले. काचेने जुलैपर्यंत दम धरला. एका संध्याकाळी स्वारगेटच्या सिग्नलला रेनकोटची बाही वर करून बघतो तर आतून वाफ धरलेली, काटे दिसेनात. काच कडेला एक-दोन दशांश मिलिमीटरने लहान होती. अशा प्लॅस्टिकच्या काचा दाबून बसवतात, तेव्हा मापात एवढा फरकही चालत नाही. काकांनी त्याच दिवशी मागचं झाकण उघडून मशीन वाळवलं, नाहीतर गंज धरला असता. मग कॅलिपरने माप घेऊन साधी, बिननावाची, शंभर रुपयांची काच बसवली. त्यानंतर वाफ नाही. काचेच्या बाबतीत अस्सलपणाचा आग्रह मी तेव्हाच सोडला. माप अस्सल असलं की बास.

स्टाफचं मात्र तसं चालत नाही. सुटा स्टाफ मिळाला तरी तो चाकात ठोकून बसवणं आणि मग चाकाचा तोल साधणं हे नाजूक काम, आणि ते करणारे हात आता फार उरले नाहीत. एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करायचा निर्णय सरकारने २०१६ मध्ये घेतला. नवे पार्ट येणार कुठून? काकांचा सल्ला सरळ होता: “पार्ट शोधू नकोस. मेलेलं घड्याळ शोध.”

म्हणून पुण्याचा जुना बाजार. तो बुधवारी आणि रविवारी भरतो. मी तीन रविवार घालवले. ताडपत्रीवर नळाच्या तोट्या, मोबाइलचे चार्जर आणि मध्येच घड्याळांचा ढीग. काकांनी शिकवलेली परीक्षा सांगतो, ती या सगळ्या लेखातली सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे. बंद घड्याळ मागचं झाकण उघडून घ्या आणि हातात हलकेच फिरवा. बॅलन्सचं चाक मोकळेपणी झुलत राहिलं तर स्टाफ बहुतेक शाबूत आहे आणि दुखणं दुसरीकडे, बहुधा मेनस्प्रिंगमध्ये, म्हणजे चावी दिल्यावर गुंडाळली जाते त्या स्प्रिंगमध्ये. चाक अडखळलं, एका बाजूला कललं, तर ठेवून द्या. तिसऱ्या रविवारी एक जनता अशी झुलली. “साडेसातशे, साहेब.” पाचशेला दिली.

तिच्यातून बॅलन्स, त्याची बारीक हेअरस्प्रिंग आणि तो वरून धरणारा ब्रिज असा अख्खा संच काढून बाबांच्या घड्याळात बसवला. बटण तिचंच, पण ते आधीच्याचा मुलामा उडाल्यावर. सेकंदकाटाही तिचाच घेतला होता. मे महिन्यात तो सैल होऊन डायलवर पडला, पुन्हा दाबून बसवावा लागला. बाकी तक्रार नाही. दिवसाला साधारण वीस सेकंद पुढे जातं. रात्री डायल वर करून ठेवलं तर थोडं जास्त, उभं ठेवलं तर कमी. एकदा पूर्ण चावी दिली की दीड दिवस चालतं. सेकंदाला पाच ठोके, उशीखाली ठेवलं तरी ऐकू येतात. बायकोला ते आवडत नाही.

डायलला हात लावलेला नाही. चारच्या आकड्याजवळ तपकिरी डाग आहे आणि भेटेल तो म्हणतो, रंगवून घे, नवं दिसेल. रंगवलेल्या डायलची आणि इकडचे तिकडचे पार्ट जोडलेली घड्याळं आपल्याकडून इतकी बाहेर गेली आहेत की परदेशातले शौकीन त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, कौतुकाने नव्हे. भिंगातून बघा: मूळ छपाईची अक्षरं कडेला धारदार असतात, रंगवलेली फुगलेली, आणि मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळत नाहीत. डाग बाबांच्या काळातला आहे. राहू दे.

एकूण खर्च, फसलेले साडेचारशे धरून, एकवीसशेच्या आसपास. नवं घड्याळ आलं असतं, हे मला माहीत आहे.

एक गोष्ट मात्र मनात राहिली. जुन्या बाजारातल्या त्या जनतेचं झाकण घरी आल्यावर ब्रशने साफ केलं, तर मळाखाली कोरलेली अक्षरं निघाली: ‘सेवापूर्तीनिमित्त सस्नेह भेट, ३१-५-८६’. नाव घासून गेलेलं. कुणाचं तरी निवृत्तीचं घड्याळ मी पाचशे रुपयांत फोडलं. आता ते एका डबीत आहे आणि बाबांचा मोडका बॅलन्स त्याच्याशेजारी. काकांना दाखवलं तर म्हणाले, “स्प्रिंग माझ्याकडे आहे. स्टाफ शाबूत असलेलं आणखी एक आण, हेही चालेल.” मी म्हटलं, मग ते तिसरं? काका हसले आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. परवा रविवार आहे. या वेळी पायलटही चालेल.