जनरल त्सो चिकन घ्या, पण सॉस वेगळा मागा

अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला आमच्या घरापासून पाच मिनिटांवर एक चायनीज टेकआउट आहे, बसायला दोन डुगडुगती टेबलं आणि काउंटरवर उन्हानं निळे पडलेले पदार्थांचे फोटो. पहिल्यांदा जनरल त्सो चिकन आणलं तेव्हा डोकंच फिरलं, मेनूत नावापुढे दोन मिरच्या छापलेल्या आणि डब्यात पाकात घोळवलेलं चिकन, तिखटाचा पत्ता नाही. वर घरी येईस्तोवर मऊ पडलेलं.

नंतर कळलं की पेंग चांग-क्वेई या चीनच्या हुनान प्रांतातल्या शेफनी हे १९५० च्या दशकात तैवानमध्ये बनवलं तेव्हा त्यात साखर नव्हतीच, आंबट, खारट, झणझणीत असा प्रकार होता. ते १९७३ ला न्यूयॉर्कला आले आणि इथल्या गिऱ्हाइकाच्या जिभेपायी त्यात गोडवा शिरला. ज्या जनरलचं नाव दिलंय ते तर १८८५ लाच वारलेले, त्यांनी कधी चाखलेलंच नाही. बीफ-ब्रॉकलीचं पण तेच, मूळची चिनी पालेभाजी गाय-लान, तिच्या जागी इथे सहज मिळणारी ब्रॉकली आली. आणि मंच्युरियन चापणाऱ्या आपण मुंबईकरांनी 'हे अस्सल नाही' म्हणून नाक मुरडायचं म्हणजे कमालच ना!

जेवण बांधून देतात तो पांढरा कागदी खोका मात्र मला फार आवडतो. १८९४ चं पेटंट आहे त्याचं, अमेरिकेत कालवं न्यायला असले खोके वापरायचे. तारेची कडी काढून घड्या उलगडल्या की चक्क ताटली होते, भांडं घासायला नको. सोबत मिळणारी फॉर्च्यून कुकी, म्हणजे पोटात भविष्याची चिठ्ठी असलेलं बिस्किट, मुळात जपानी, चवीला पुठ्ठा, सोडून द्या.

खरी गंमत मागच्या शनिवारी. काउंटरमागे मालकीणबाई स्वतः जेवत होत्या, भात आणि लसणावर परतलेला हिरवा पाला. म्हटलं हे मेनूवर का नाही? हसून भिंतीवरच्या चिनी अक्षरांच्या फळ्याकडे बोट दाखवलं, म्हणे अमेरिकन लोक मागत नाहीत. मी मागितला. मोठ्या आचेवर दोन मिनिटांत तयार, देठ अजून कचकचीत, मीठ, लसूण, बास. घरी आईनी चाखून विचारलं, चवळीचा पाला का गं हा?

तर चिकनला साडेतीन स्टार, पाल्याला पाच. चिकनचा सॉस वेगळ्या डबीत मागा, देतात, कुरकुरीतपणा घरापर्यंत टिकतो.