अझोला किट, आठ महिने वापरल्यावर

अझोला म्हणजे पाण्यावर तरंगणारं बारीक नेचं, गायी-कोंबड्यांना चारा म्हणून घालतात. त्याचं हे किट तालुक्याच्या एका दुकानातून नोव्हेंबरात 2,600 रुपयांना घेतलं. बारा बाय चार फुटांची जाड ताडपत्री, शेडनेट, सुपर फॉस्फेटची पिशवी अन् दोन किलो बियाणं. बियाणं म्हणजे ओला अझोलाच, दुसरं काही नाही. ताडपत्री एक नंबर, अजून कुठं गळत नाही. शेडनेट मात्र पहिल्याच वादळात चिंध्या.

गोठ्यामागं वाफा केला. खाली चाळलेली माती, त्यावर शेणकाला अन् वीतभरही नाही इतकं पाणी. पंधरा दिवसांत पाणी दिसेनासं झालं, तेव्हापासून रोज किलोभर निघायचा. युरिया लागत नाही, पानांच्या पोकळीत राहणारे जीवाणू हवेतलाच नायट्रोजन घेतात. तीन पाण्यांनी धुवा, नाहीतर शेणाचा वास राहतो. सासूबाई म्हणाल्या, "कोन्या डोबातलं शेवाय आनलं वं?" आमच्या गवळाऊ गायीचंही तेच मत, चार दिवस टोपल्याला तोंड लावलं नाही. सरकीच्या ढेपेत कालवून दिला तेव्हा खाल्ला. कोंबड्या मात्र वाफ्यातच उतरल्या.

आता खरी गोष्ट. दुकानदार म्हणाला होता, "ताई, पंचवीस टक्के प्रोटीन आहे, ढेप निम्मी करा." मी केली. आठवड्यात दूध अर्ध्या लिटरनं उतरलं. मग एक किलो निथळलेला अझोला सुपात पसरून कडक वाळवला अन् काट्यावर ठेवला. भरला 70 ग्रॅम! बाकी सगळं पाणी. पंचवीस टक्के आहेत ते या 70 ग्रॅमचे, म्हणजे साडेसतरा ग्रॅम प्रोटीन. सरकी ढेपेत बावीस टक्के धरा, तर किलोभर अझोला म्हणजे 80 ग्रॅम ढेप. मूठभर! दुकानदार भाऊ खोटं बोलला नाही, वाळल्याचं माप ओल्याला लावलं एवढंच. ढेप पूर्ववत केली, दूधही आलं.

एप्रिलमध्ये सावली नव्हती, सगळा लाल पडून कुजला. रांजणाजवळच्या बादलीत थोडा ठेवला होता, त्यावर पावसाळ्यात वाफा पुन्हा भरला.

कोंबड्या असतील, गोठ्याजवळ झाडाची सावली असेल, तर घ्या. एकच दुभती गाय असेल अन् ढेपेचा खर्च निम्म्यावर आणायचा असेल, तर पैसे ढेपेतच घाला. अन् नुसतं बियाणंच पाहिजे असेल तर इथं गावात फुकट देते, टोपलं घरून आणा.